तेरीज, ताळेबंद आणि जपानी शाळा: हिशेब नेमका कुणाला शिकवायचा?

अकरावी-बारावीला कॉमर्स घेतलेल्या कुणालाही विचारा, पुस्तपालनाच्या पेपरात सगळ्यात जास्त घाम कशानं फुटायचा? बहुतेक जण एकच सांगतील: तेरीज जुळत नव्हती. रोजकीर्द लिहिली, खतावणी केली, बेरजा दोनदा तपासल्या, तरी एका बाजूला नव्वद रुपये जास्तच.

आता हे शब्द जरा हळू वाचा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. आणि त्याच्याच शेजारचा विषय, 'चिटणिसाची कार्यपद्धती'. हे शब्द शिक्षण मंडळाच्या कुठल्या समितीनं बसून घडवलेले नाहीत. पेशवे दफ्तरातले कारकून हेच शब्द वापरत होते. म्हणजे हिशेबाची भाषा आपल्याकडे तयार होती. तरीही आधुनिक वाणिज्य शिक्षण आलं ते इंग्रजीतून, आणि तेही थेट कॉलेजात. गावच्या शाळेपर्यंत ते पोचायला पुढं कित्येक दशकं गेली. असं का झालं, आणि त्यानं काय बिघडलं, हे या लेखात सांगायचं आहे.

माझी एम.एस्सी. गणितातली. त्यामुळे 'सायन्सवाली इतिहासात काय करते?' हा प्रश्न मला ठरलेला असतो. उत्तर सोपं आहे. शाळेतलं गणित कुणासाठी आणि कशासाठी शिकवलं गेलं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे, आणि त्याचा सगळ्यात रोखठोक धागा म्हणजे पैशाचा हिशेब. तुलनेसाठी मी जपान घेतलाय. का, ते पुढे येईलच.

पंतोजींच्या शाळेतला बाजार

आधी एक गैरसमज दूर करू. इंग्रज येण्याआधी आपल्याकडे व्यापारी शिक्षण नव्हतं, असं आपण सहज बोलून जातो. ते खरं नाही. पंतोजींच्या शाळेत मुलं काय घोकायची? बे एके बे तर होतंच, पण त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. पाव पटीपासून साडेतीन पटीपर्यंतचे हे अपूर्णांकांचे पाढे.

आज हा प्रकार छळवाद वाटतो. पण रुपया सोळा आण्यांचा आणि मापं पायली-कुडवाची असताना बाजारात हेच गणित लागत होतं. सव्वा रुपयाला पायली, तर सात पायल्यांचे किती? सवायकी पाठ असलेला मुलगा पाटीला हात न लावता सांगणार: पावणेनऊ. शिवाय मोडी लिहायला शिकायचं, कारण खतं, पावत्या, वह्या सगळं मोडीत. कारकुनी करणाऱ्यांसाठी 'मेस्तक' नावाची टिपणं असायची. हिशेब आणि दफ्तर कसं ठेवायचं याची ती हातपुस्तकंच. त्यांची परंपरा यादवांच्या काळातल्या हेमाद्रीशी जोडली जाते.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही शाळा सगळ्यांची नव्हती. कारकुनी, व्यापारी आणि सावकारी घरांतल्या मुलांची ती शाळा. ज्याच्या नावावर वहीत कर्ज लिहिलं जायचं, त्याचा मुलगा बहुतेक वेळा तिथं नसायचा.

दुहेरी नोंद म्हणजे काय, पाच मिनिटांत

पुढे जाण्याआधी थोडं तांत्रिक. समजा तुमसरच्या एका व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडून २०,००० रुपयांचं धान उधारीवर घेतलं. दुहेरी नोंद पद्धतीत हा व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. धान आलं, म्हणून धान खात्याला २०,००० नावे. पैसे द्यायचे राहिले, म्हणून शेतकऱ्याच्या खात्याला २०,००० जमा.

इथंच नवीन विद्यार्थी अडकतो. शेतकऱ्याच्या खिशात एक रुपया आलेला नाही, मग 'जमा' कसं? कारण ही वही व्यापाऱ्याची आहे. त्याच्या वहीत शेतकऱ्याच्या खात्यावर जमा, याचा अर्थ व्यापारी शेतकऱ्याचं देणं लागतो. वही कुणाची, हे कळल्याशिवाय शब्दाचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक रक्कम दोन बाजूंना लिहिल्यामुळे शेवटी सगळ्या नावेंची बेरीज आणि सगळ्या जमांची बेरीज सारखी यायला हवी. ती तपासायची म्हणजे तेरीज काढायची. नाही जुळली, तर कुठंतरी चूक आहे. गणिताच्या माणसाला ही रचना फार आवडते, कारण चूक शोधायची सोय पद्धतीतच आहे.

पण तिची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. खोटी रक्कम दोन्ही बाजूंना नीट लिहिली, तर तेरीज झकास जुळते. शंभराचं कर्ज दीडशे म्हणून दोन्हीकडे लिहा, ताळा बरोबर बसेल. तेरजेनं बेरजेची चूक पकडली जाते. लबाडी पकडायला ती वही वाचू शकणारा दुसरा माणूस लागतो. हे वाक्य लक्षात राहू द्या, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

(आपली जुनी देशी पद्धत मुळात दुहेरी होती का? यावर हिशेबाच्या इतिहासकारांमध्ये १९८० च्या दशकात बराच वाद झाला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

१८७५: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. हेच दख्खनचे दंगे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते पसरले. चौकशी आयोगाच्या नजरेत एक गोष्ट ठळकपणे आली: लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखतं, हुकूमनामे, वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. ज्या कागदावर आपण फक्त नांगराची निशाणी केली, आत काय लिहिलंय ते आपल्याला कधी वाचता आलं नाही, तो कागद कोर्टात आपलं शेत घेऊन जातो, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात टोकियोच्या गिंझा भागात एका दुकानाच्या माडीवर एक छोटी खासगी शाळा सुरू झाली. नाव 'शोहो कोशूजो', म्हणजे व्यापाराच्या रीती शिकवण्याची जागा. काढणारे मोरी आरिनोरी, हे पुढे जपानचे शिक्षणमंत्री झाले. शिकवायला विल्यम व्हिटनी नावाचा अमेरिकी शिक्षक. हीच शाळा १८८७ मध्ये उच्च वाणिज्य विद्यालय झाली, १९२० मध्ये विद्यापीठ, आणि १९४९ पासून ती हितोत्सुबाशी विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

जपाननं केलं काय?

नुसती एक शाळा काढली म्हणून जपान पुढं गेला, असं म्हणणं बालिशपणाचं होईल. मोरींच्या शाळेतही सुरुवातीला इंग्रजी पुस्तकं आणि इंग्रजी बोलणारा शिक्षक होताच. फरक पडला तो शाळेच्या आजूबाजूला आणि खाली काय उभं राहिलं यानं.

पहिली गोष्ट पुस्तकांची. फुकुझावा युकिची या लेखकानं ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांचं अमेरिकी शाळांसाठीचं हिशेबाचं पुस्तक जपानीत आणलं. नाव 'चोआइ नो हो'. एकेरी नोंदीचा भाग १८७३ मध्ये आला, दुहेरीचा १८७४ मध्ये. प्रस्तावनेत त्याची तक्रार अशी की जपानात विद्वान माणूस गरीब आणि पैसेवाला अडाणी, ही जुनीच रीत आहे; विद्वानानं हिशेबाला कमी लेखणं सोडलं पाहिजे. त्याच सुमाराला, डिसेंबर १८७३ मध्ये, जपानच्या अर्थखात्यानं अलेक्झांडर शँड या स्कॉटिश बँकरकडून बँकेच्या हिशेबाचं पुस्तक करवून घेतलं आणि जपानीत छापलं.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि मला हीच सगळ्यात रंजक वाटते. नावे आणि जमा यांना जपानीत काय म्हणायचं? फुकुझावानं 'कारी' आणि 'काशी' हे साधे रोजच्या बोलण्यातले शब्द उचलले. कारी म्हणजे उसनं घेणं, काशी म्हणजे उसनं देणं. दीडशे वर्षं झाली, जपानी विद्यार्थी आजही त्याच दोन शब्दांनी पान दुभागतो. विचार करा, जपानला हे शब्द बसवावे लागले. आपल्याकडे 'नावे' आणि 'जमा' वाण्याच्या वहीत रोज लिहिले जात होते.

तिसरी गोष्ट जुन्याला न टाकण्याची. जपानच्या जुन्या तेराकोया शाळांत वाचन, लेखन आणि सोरोबान म्हणजे मण्यांची हिशेबपाटी, असा अभ्यास असायचा. आपल्या पंतोजींच्या शाळेचा जपानी भाऊच म्हणा. १८७२ च्या शिक्षण कायद्यानं कागदावरचं पाश्चात्त्य गणित लादायचा प्रयत्न केला, पण सोरोबान लवकरच शाळेत परत आला. नवं हिशेबशास्त्र आणि जुनी बोटं एकत्र नांदली.

चौथी गोष्ट पायऱ्यांची. १८८४ मध्ये वाणिज्य शाळांसाठी सरकारी नियम झाले. १८९९ च्या व्यवसायशाळा आदेशानं शेती, उद्योग आणि व्यापार शिकवणाऱ्या माध्यमिक शाळांची चौकट बसवली. म्हणजे गावातल्या मुलाला प्राथमिक शाळेतून जिल्ह्याच्या वाणिज्य शाळेत आणि तिथून उच्च विद्यालयात जाता येईल असा जिना, आणि बहुतेक पायऱ्या जपानी भाषेत.

पण थांबा, जपानला देव्हाऱ्यात बसवू नका

१८८४ च्या नोव्हेंबरात जपानच्या चिचिबू भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं. रेशमाचे भाव कोसळलेले, सावकार दारात. त्यांनी काय केलं असेल? सावकारांची घरं फोडली आणि कर्जाचे कागद नष्ट केले. सुप्याची आठवण होते ना? फुकुझावाचं पुस्तक निघून दहा वर्षं झाली होती, आणि डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हातात अजून वही आली नव्हती.

शिवाय या वाणिज्य शाळा प्रामुख्यानं मुलांच्या होत्या, मुलींच्या नव्हत्या. त्यांतून तयार झालेली माणसं मोठ्या व्यापारी कंपन्यांत गेली, आणि त्या कंपन्या पुढे जपानी साम्राज्याच्या पाठोपाठ कोरिया-मांचुरियात पोचल्या. हिशेबाचं शिक्षण म्हणजे आपोआप न्याय, असं कुठंच झालेलं नाही. तरी जिना बांधलेला होता, आणि एकेक पिढी त्यावरून वर चढत गेली.

फुल्यांनी मागितलं होतं

आता आपल्याकडे या. दंग्यांनंतर सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक तरतूद अशी की कर्जदाराला सावकाराकडून पावती, हिशेबाचा उतारा, पासबुक मागता येईल. चांगलीच तरतूद. पण उतारा हातात पडल्यावर तो वाचायचा कुणी?

या प्रश्नाचं उत्तर महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये दिलं. हंटर शिक्षण आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांचा मुख्य मुद्दा होता की सरकार वरच्या शिक्षणावर पैसा ओततंय आणि ज्यांच्या करातून तो येतो त्या शेतकऱ्यांची मुलं कोरडी राहतायत. आपण सहसा इथपर्यंतच वाचतो. पण प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीही त्यांनी दिली होती. त्यात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, शेतीची तोंडओळख आहे, आरोग्य आहे. मोडी आणि हिशेब, दोन्ही शेजारी शेजारी! सावकाराची वही मोडीत असते, म्हणून शेतकऱ्याच्या मुलाला मोडी यायला हवी, हे ज्यानं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मला वाटतं, ही महाराष्ट्रातल्या वाणिज्य शिक्षणाची सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे, आणि वाणिज्य शिक्षणाच्या इतिहासात ती सापडत नाही. तो इतिहास बहुतेक वेळा कॉलेजपासून सुरू होतो.

वरचा मजला झाला, जिना राहिला

हंटर आयोगानं माध्यमिक शाळेत व्यापार-उद्योगाकडे जाणारी वेगळी वाट असावी असं सुचवलं. ती वाट फारशी वाहती झाली नाही. मॅट्रिक आणि सरकारी नोकरी हीच मुख्य सडक राहिली. मराठी शाळांत मोडी आणि देशी जमाखर्च चालू होता, पण त्याला प्रतिष्ठा नव्हती आणि तो पुढं कुठंही पोचवत नव्हता.

नवं हिशेबशास्त्र आलं मुंबईत. १९०० मध्ये सोहराब दावर यांनी खासगी वाणिज्य वर्ग काढले, ते पुढे दावर्स कॉलेज म्हणून नावारूपाला आले. १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. १९१८ मध्ये मुंबई सरकारनं जी.डी.ए. ही हिशेबनीसांची पदविका आणली. त्याच वर्षी सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुजू झाले आणि १९२० पर्यंत तिथं शिकवत होते. ज्या समाजाला वहीजवळ फिरकू दिलं जात नव्हतं, त्यातला माणूस वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतोय, ही घटना लहान नव्हती. पण तिथपर्यंत पोचायला त्यांना कोलंबिया आणि लंडन गाठावं लागलं होतं. खेड्यातून मुंबईला जाणारा सरळ जिना नव्हताच.

पुण्यात बी.एम.सी.सी. १९४३ मध्ये आलं. आमच्या विदर्भात शिक्षा मंडळानं १९४० मध्ये वर्ध्याला सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढलं आणि १९४५ मध्ये नागपूरला जी.एस. कॉलेज. भंडाऱ्याच्या मुलांसाठी कॉमर्स म्हणजे नागपूर, ही म्हण तेव्हापासूनची. आणि या सगळ्या काळात, विसाव्या शतकाच्या मध्यावर, मोडी शाळांतून निघून गेली. आजोबांची वही नातवाला वाचता येईना.

नाकाडोंगरीहून बघितलं तर

मी नाकाडोंगरीची. तुमसर तालुका, भंडारा जिल्हा, मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेलं गाव. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे दख्खनचा कायदा आम्हाला लागू नव्हता. मध्य प्रांतानं सावकारांसाठी कायदा केला तो १९३४ मध्ये. प्रत्येक कर्जदाराचा वेगळा हिशेब ठेवायचा आणि दरवर्षी त्याला उतारा द्यायचा, असं त्यात होतं. म्हणजे पन्नास वर्षांनी तोच उतारा, आणि तोच प्रश्न.

आमच्या परिसरात पैसा येतो तीन वाटांनी. एक, डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण, जिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं. इथल्या मँगनीज कंपनीची सुरुवात १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावानं झाली. १९६२ पासूनची तिची वारस म्हणजे आजची मॉइल. दोन, जंगलातला तेंदूपत्ता. तीन, धान. तिन्ही ठिकाणी कष्ट करणारा एक आणि लिहिणारा दुसरा. हजेरी मांडणारा बाबू, पुडे मोजून कार्डावर आकडा टाकणारा मुन्शी, धानाचा काटा करून पावती फाडणारा व्यापारी. म्हणून वर म्हटलं ना, वही कुणाची हे कळल्याशिवाय 'जमा' या शब्दाचा अर्थ लागत नाही.

आकृतिबंध बदलून १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, मागोमाग अकरावी-बारावी आली, आणि तालुक्याच्या ठिकाणी मराठीतून कॉमर्स शिकता येऊ लागलं. तेव्हा कुठं रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द पुस्तकात छापून पुन्हा घरी आले. त्याच्याही आधीपासून तालुक्याच्या गावाचं खरं वाणिज्य विद्यालय म्हणजे टायपिंगची इन्स्टिट्यूट. एका खोलीत दहा मशीन आणि जी.सी.सी.ची परीक्षा. कित्येक घरातली पहिली पगारी नोकरी त्या खडखडाटातून आली. त्यावर कुणी पीएच.डी. का करत नाही, कळत नाही.

मग फुल्यांची यादी कुठं पोचली?

माझं आजचं उत्तर ऐकून माझ्या गाइडच्या भुवया उंचावतात, तुमच्याही उंचावतील. फुल्यांच्या मागणीच्या सगळ्यात जवळ मला कॉमर्सचा वर्ग दिसत नाही. बारावीचा विद्यार्थी एका काल्पनिक 'श्री. अ' यांचा ताळेबंद जुळवतो. घरातल्या धानाच्या पावतीशी त्याची गाठ अभ्यासक्रमात पडतच नाही. जवळ दिसते ती बचत गटाची बैठक. महिन्यातून एकदा दहा-पंधरा बाया बसतात, सचिव वही उघडते, कुणाची किती जमा, कुणाकडे किती बाकी, मोठ्यानं वाचते. जिला लिहिता येत नाही तिलाही आपला आकडा तोंडपाठ असतो, आणि तो चुकला तर ती तिथंच अडवते. वहीला इथं दुसरा वाचक आहे. पंधरा आहेत.

तिथं दुहेरी नोंद बहुधा नसते, तेरीजही कुणी काढत नाही. हिशेबशास्त्राच्या दृष्टीनं ती कच्चीच. पण १८७५ मध्ये सुप्यात जे जाळावं लागलं, त्यावरचा इलाज तिथं सापडतो. या बायांना पुढची पायरी कुणी शिकवली, म्हणजे गटाचा ताळेबंद स्वतः मांडायला आणि बँकेचा उतारा पडताळायला, तर जिन्याची राहिलेली पायरी खालून बांधली जाईल. आता हिशेब संगणकावर आणि मोबाइलवर गेलाय, पडद्यावर पुन्हा डेबिट-क्रेडिट आलंय. तेव्हा घाई केलेली बरी.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या वह्या असतील, दुकानाच्या, सावकारीच्या, सोसायटीच्या, अगदी तेंदूपत्त्याची जुनी कार्डंसुद्धा, तर रद्दीत घालू नका. मोडीत असल्या तरी चालेल, मी शिकतेय. फोटो काढून पाठवा; नावं झाकून पाठवलीत तरी हरकत नाही. मला आकडे हवेत, आणि ते कोणत्या बाजूला लिहिलेत ते.

पुढच्या लेखात औटकीकडे वळू. साडेतीनचाच पाढा का, पावणेचारचा का नाही? डोक्याला चालना म्हणून तोवर सात औटे किती ते पाटीला हात न लावता सांगा.